हाताची ओळख

बांगड्या भरताना कासार हात कसा धरतो, जरा आठवून बघा. मनगट नाही, आधी पंजा धरतो. अंगठा आत मुडपतो, बोटांची मुळं हलकेच दाबून हात बारीक करतो आणि "ढिला सोडा बाई, ढिला सोडा" म्हणता म्हणता काचेची बांगडी अशी सरकवतो की ती कधी चढली ते कळतही नाही. त्याच्या जागी एखादा नवखा बसला, तर पहिल्याच बांगडीला आपल्या लक्षात येतं. डोळे मिटलेले असले तरी येतं. हा नेहमीचा हात नाही!

गंमत अशी की तोच कासार उद्या एसटी स्टँडवर भेटला तर चेहऱ्यावरून आपण त्याला ओळखूच असं नाही. हात मात्र पक्का ओळखीचा. मग ही ओळख आपल्या आत ठेवतं तरी कोण? मी नांदेडला राहते, माहेर लातूर जिल्ह्यातलं. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे असला प्रश्न एकदा डोक्यात शिरला की पुस्तकं धुंडाळल्याशिवाय चैन पडत नाही. घरच्यांना त्याची सवय झाली आहे.

त्वचा हे स्पर्शाचं इंद्रिय, एवढं एक वाक्य आपण पाठ केलेलं असतं. गरम, गार, मऊ, खरखरीत, संपलं. पण मैत्रिणींनो, आपल्या कातडीतून मेंदूकडे स्पर्शाची दोन वेगवेगळी टपालं जातात. एक टपाल जाड मज्जातंतूंमधून जातं. त्याचा वेग सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहून जास्त. पायाला खडा टोचला, पाठीवर कुणी हात ठेवला, कुठे ठेवला, किती जोरात ठेवला, ही बातमी ते पोचवतं. दुसरं टपाल अगदी बारीक तंतूंमधून जातं, सेकंदाला जेमतेम एक मीटर. पहिलं सचखंड एक्सप्रेसनं निघालेलं, तर दुसरं पायी दिंडीत. शास्त्रज्ञ या सावकाश तंतूंना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. स्पर्श कुठे झाला याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. स्पर्शात माया होती का, एवढंच ते सांगतात.

हे कळलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. एका बाईंचे आजारपणात जाड तंतू निकामी झाले होते. अंगाला काही लागलं तर त्यांना कळत नसे. स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांच्या हातावरून मऊ ब्रश हळूच फिरवला. त्या म्हणाल्या, काहीतरी बरं वाटतंय, पण काय ते सांगता येत नाही. मेंदूची छायाचित्रं घेतली तेव्हा स्पर्शाचं म्हणून जे केंद्र ओळखलं जातं ते शांत होतं. जागा झाला होता इन्सुला नावाचा भाग, जो आपल्याला 'आतून कसं वाटतंय' ते सांगतो. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पुढे असंही दिसलं की हे तंतू सर्वांत जास्त खूश होतात ते सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर अशा संथ गतीनं, अंगाइतक्याच उबदार हातानं कुरवाळलं तर. आणि लोकांना नुसतं 'बाळाला गोंजारा' असं सांगितलं, गतीबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, तरी त्यांचा हात आपोआप याच गतीनं फिरतो. आपल्या आज्यांना सेंटिमीटर कुठे माहीत होते!

आणखी एक. हे तंतू केसाळ कातडीत असतात, म्हणजे पाठ, दंड, कपाळ, डोकं इथे. तळहातावर ते जवळजवळ नसतात. म्हणजे देणारीचा तळहात आणि घेणारीची पाठ, अशी ही निसर्गाचीच वाटणी.

आता आठवणीकडे येऊ. जर्मनीत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्यांच्या हातात घरातल्या १६८ वस्तू एकेक करून दहा दहा सेकंद दिल्या. नंतर प्रत्येक वस्तू तिच्यासारख्याच दुसऱ्या वस्तूच्या जोडीनं देऊन विचारलं, मघाची कुठली? ९४ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. आठवड्यानंतर विचारलं तरी ८४ टक्के. ही तर चमच्या-वाट्यांची गोष्ट झाली, ज्यांच्यात कुणाचा जीव गुंतलेला नव्हता. जिथे जीव गुंतलेला असतो, तिथे मेंदूतली बदामाएवढी एक गाठ, तिचं नाव अमिग्डाला, मध्ये पडते. भीती, माया, अपमान, काहीही तीव्र असलं की शरीरात रसायनं सुटतात आणि अमिग्डाला स्मरणाच्या कारकुनाला बजावते, हे नीट लिहून ठेव. हा कारकून म्हणजे हिप्पोकॅम्पस. घडलेल्या गोष्टी तारीखवार लावून ठेवणं हे त्याचं काम.

पण जन्मानंतरची पहिली दोन-तीन वर्षं हा कारकून कच्चाच असतो. म्हणून आपल्याला आपलं बारसं आठवत नाही, आपल्याला न्हाऊ घालणारी बाई आठवत नाही. आमच्याकडे ती रोज सकाळी यायची. पाटावर पाय लांब करून बसायची, लेकराला पायांवर पालथं घ्यायची, तेल जिरवायची, डाळीच्या पिठानं अंग चोळायची, टाळू भरायची, मग शेक. लेकरू आधी आकांत करायचं आणि मग चार-चार तास गाढ झोपायचं. (नाकाकानात तेल सोडायची तिची सवय मात्र डॉक्टर मंडळी अजिबात नको म्हणतात, आणि ते खरं आहे.) त्या हातांची गोष्ट आपल्याला सांगता येत नाही, पण त्यांचा परिणाम अंगात राहतो. गाय वासराला चाटते ते आपण रोज बघतो. उंदराच्या माद्याही पिल्लांना चाटतात, काही जास्त, काही कमी. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की ज्या पिल्लांना आईनं भरपूर चाटलं, त्यांच्या मेंदूतल्या, ताण आवरणाऱ्या एका जनुकाचं बटण वेगळ्या तऱ्हेनं लागतं. मोठेपणी ती पिल्लं संकटात कमी घाबरतात. आईची जीभ पिल्लाला आठवत नसेल, पण ती त्याच्यात लिहिलेली असते.

माणसाच्या लेकरांबाबत याचा सर्वांत मोठा पुरावा कमी दिवसांच्या बाळांनी दिला. १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटाच्या एका रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. डॉ. एडगर रे यांनी इवलीशी बाळं आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली, कांगारूसारखी. तिथे १९९३ ते १९९६ मध्ये जन्मलेल्या बाळांना वीस वर्षांनी शोधून तपासलं. कांगारू पद्धतीनं वाढलेली मुलं शाळेत कमी गैरहजर राहिली होती, कमी आक्रमक आणि कमी चंचल होती. २०२१ मध्ये पाच देशांत झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, जन्मल्याबरोबर बाळ असं आईशी ठेवल्यानं बाळमृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगून टाकलं, कमी वजनाच्या आणि कमी दिवसांच्या बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असं ठेवा.

मी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय. आपल्या घरांतून अजूनही ऐकू येतं, "बाळ नाजूक आहे, फार हाताळू नका." बाळ दुपट्यात गुंडाळून बाजेवर आणि आई भिंतीकडे तोंड करून. तुमच्या सुनेचं, लेकीचं बाळ दोन-सव्वादोन किलोचं असेल तर डॉक्टरांना, सिस्टरना कांगारू काळजीबद्दल आपणहून विचारा. आई दमली तर बाळाचा बाप हे करू शकतो, आजी करू शकते. बापाला लाज वाटेल, वाटू द्या.

आता मला माझ्या मावशीबद्दल सांगायचं आहे. खरं तर कासाराचा नाही, तिचाच प्रश्न घेऊन मी ही पुस्तकं उघडली होती.

मावशीचं सासर किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून गाव नुकतं झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची घरं दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून ज्यांचं कौतुक करायचो, त्याच भिंतींनी माणसं गाडली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मावशीला दुपारी बाहेर काढलं. तिची अडीच वर्षांची लेक गेली.

त्या लेकरूला एक सवय होती. आईच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय झोप यायची नाही. तुमच्याही घरात असं एखादं असेल. त्या रात्रीही ती पाळी धरूनच झोपली होती.

मुलीचा एकच फोटो होता, कोनाड्यात लावलेला. तो घराबरोबर गेला. मावशीला पुढे दोन मुलं झाली, नव्या गावठाणात पत्र्याचं शेड आणि मग सिमेंटचं घर झालं. ती रडत बसणारी बाई नाही. पण डाव्या कानात तिनं कधी कुडी घातली नाही. लग्नकार्यात बायका चिडवायच्या, एका कानानं लंगडी म्हणून. काही वर्षांपूर्वी ती माझ्याकडे नांदेडला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली होती. रात्री मी तिच्या डोळ्यांत औषध घालत होते, माझा हात चुकून कानाला लागला, तशी ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली,

"तिचं तोंड आता ध्यानात येईना गं माय. लई आठवते, पर येईना. नाक कसं होतं, काही येईना. पर हितं तिची बोटं हायेत. रोज रात्री हायेत."

मी तिला विचारलं, त्रास होतो का? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू काय मी मूर्खासारखं विचारतेय. "तरास कशाचा? तेवढीच तर ऱ्हायली."

चेहरा जातो आणि दोन बोटं राहतात, असं का? चेहऱ्याची आठवण आपण जेव्हा जेव्हा बाहेर काढतो, तेव्हा ती थोडी मऊ होते आणि पुन्हा ठेवताना थोडी बदलते. असं बरेच मेंदूशास्त्रज्ञ मानतात. जवळ फोटो असला की आपण ती पडताळून घेतो. मावशीकडे फोटो नव्हता, म्हणून हजारदा काढून-ठेवून चेहरा झिजला. कान मात्र तिच्याजवळच होता. रोज उशीवर टेकणारा, त्या जागेवरची ओळख रोज जागी करणारा. शिवाय ती बोटं अडीच वर्षं, रात्रीमागून रात्र, झोपेच्या आणि मायेच्या घटकेला तिथे आलेली. त्यावर त्या पहाटेची भीती शिक्क्यासारखी बसली. हे मी माझ्या वाचनावरून लावलेलं गणित आहे. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "असंल."

शिक्क्याची दुसरी बाजूही लिहायला हवी. एसटीच्या गर्दीत मागून आलेला नकोसा हात, लग्नघरातल्या अंधाऱ्या खोलीतला कुणा ओळखीच्याचा हात, हेही मेंदू तितक्याच काळजीनं लिहून ठेवतो. पोरगी सांगायला आली की आपण काय म्हणतो? "जाऊ दे, विसरून जा." ती मुद्दाम लक्षात ठेवत नाही हो! तिच्या कातडीनं ते लिहून घेतलंय. वीस वर्षांनी नवऱ्यानं मायेनं पाठीवर हात ठेवला आणि ती दचकली, तर त्यात तिचा काही दोष नाही. ऐकून घेणं आणि तिच्यावर विश्वास ठेवणं, निदान एवढं तरी पहिल्याच दिवशी करता येतं.

आणि काही बायकांच्या वाट्याला तर कुठलाच हात येत नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त बाई राहतात. नवरा गेला त्या दिवशी चार जणींनी त्यांची मनगटं धरून बांगड्या फोडल्या. "धरणाऱ्या सगळ्या जवळच्याच होत्या," त्या म्हणतात. "त्यांचे हात मला अजून वेगवेगळे सांगता येतील." त्यानंतर कासार नाही, हळदीकुंकू नाही, ओटी नाही. "बारा वर्षांत मला फक्त डॉक्टरांनी हात लावला. तोही बीपी बघायला." हे त्यांनी हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. परिपत्रक निघून कितीतरी संक्रांती झाल्या. आपल्या वाड्यात, आपल्या हळदीकुंकवाला किती जणींना बोलावणं गेलं, हे ज्याचं त्यानं मोजावं. मला वाटतं, कुंकवापेक्षाही हळद लावताना कपाळाला होणारं ते एक बोट जास्त मोलाचं असतं. आमच्या म्हाताऱ्या बायका गालांवरून दोन्ही तळवे फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या, ते तर आता दिसेनासंच झालं. कशी मस्त गती असायची त्या तळव्यांची!

हात धरल्यानं नेमकं होतं काय, हे अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बघायला मिळतं. सोळा विवाहित बायकांना मेंदू तपासण्याच्या यंत्रात झोपवलं आणि सांगितलं, आता तुम्हाला विजेचा हलका झटका बसू शकतो. एकदा हात मोकळा, एकदा अनोळखी माणसाच्या हातात, एकदा नवऱ्याच्या हातात. नवऱ्यानं हात धरला तेव्हा मेंदूतली भीतीची धावपळ सर्वांत कमी झाली. आणि हो, ज्यांचं नवऱ्याशी चांगलं जमत होतं त्यांची आणखी कमी. म्हणजे मेंदू नुसता हात ओळखत नाही, त्या हाताचं मागचं खातंही बघतो!

हे वाचलं आणि मला लातूर आठवलं. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीनं आपल्या नांदेड, परभणी, हिंगोलीकडची सोळा-सतरा वर्षांची हजारो पोरं-पोरी तिथे खोल्या घेऊन, होस्टेलमध्ये राहतात. नांदेडलाही आता तेच. नीटची तयारी, पहाटेपासून क्लास, रात्री टेस्ट. घरी असताना येता-जाता डोक्यावर टपली बसते, पाठीवर थाप पडते, आजीच्या मांडीवर डोकं टेकता येतं. इथे दोन दोन महिने कुणाचा हात म्हणून लागत नाही. आपण फोनवर काय विचारतो? जेवलीस का, किती मार्क पडले.

माझी भाची तिथे होती. एका रविवारी बहिणीबरोबर मी मुखेडहून एसटीनं गेले. ट्यूशन एरियातल्या त्या होस्टेलच्या पायऱ्यांवर बघते तर पाच-सहा आया ओळीनं बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या पुढच्या पायरीवर तिची तिची पोरगी. तेलाच्या वाट्या, कंगवे, मांडीवर उघड्या वह्या. कुणी काही फारसं बोलत नव्हतं. एक आई पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती आणि पोरगी बेंझिनच्या रचना पुटपुटत पुटपुटत मध्येच डोळे मिटत होती. बहीणही बसली, भाचीला पुढे घेतलं. गेल्या टेस्टचा आकडा वाईट होता हे दोघींनाही माहीत होतं, पण तेल जिरेपर्यंत तो विषय निघाला नाही.

निघताना भाचीनं आईकडे आजीच्या लुगड्यांची वाकळ मागितली. होस्टेलचं ब्लँकेट नवं कोरं होतं, तरी.

बहीण म्हणाली, "पुढच्या रविवारी आणते. धुऊन, उन्हात टाकून आणते."

"धुऊ नको," पोरगी म्हणाली. "तशीच आण."